टीटी दिसते कमी, ऐकू येते जास्त

आयल ऑफ मॅन टीटीला, म्हणजे इंग्लंड-आयर्लंडच्या मधल्या बेटावर सार्वजनिक रस्त्यांवरून होणाऱ्या बाईकच्या शर्यतीला, जाऊन आलो असं म्हणलं की पहिला प्रश्न हमखास येतो, मग, कोण जिंकलं? आणि खरं सांगायचं तर रस्त्याच्या कडेला बसलेल्या माणसाला ते शेवटपर्यंत नीट कळत नाही. कारण इथे सगळे एकदम सुटत नाहीत. एकेक रायडर दहा-दहा सेकंदांनी सोडतात, खांद्यावर थाप पडली की गडी सुटला, त्यामुळे जो तुमच्यासमोरून आधी गेला तो पुढे असेलच असं नाही, त्याच्या मागून अर्ध्या मिनिटाने आलेला एखादा घड्याळाच्या हिशोबात त्याला केव्हाच मागे टाकून बसलेला असतो. डोळ्यांदेखत रेस चाललेली असते आणि ती कळायला रेडिओ लागतो. हे मला जाण्याआधी माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि कुंपणावर बसून वेड्यासारखं "आत्ता गेला तो कितवा?" असं शेजाऱ्याला विचारणं वेगळं.

मी इतकी वर्षं टीटी बघितली ती ऑनबोर्ड व्हिडिओत. ब्रे हिल, क्वार्टरब्रिज, युनियन मिल्स, ग्रीबा, बॅलाक्रेन, ग्लेन हेलन, कर्क मायकल, बॅलॉ ब्रिज, सल्बी, रॅम्झी, गूसनेक, बंगलो, क्रेग-नी-बा अशी सगळी नावं तोंडपाठ, दोनशेहून जास्त वळणांतली निदान पन्नास तरी मी झोपेत सांगितली असती. व्हिडिओत काय होतं, तुम्ही रायडरच्या टाकीवर बसलेले असता, सतरा मिनिटं तुमची आणि त्याची सोबत. प्रत्यक्षात उलटं. अख्खा लॅप ३७.७३ मैलांचा, म्हणजे साधारण ६०.७ किलोमीटर, आणि त्यातला तुमच्या वाट्याला येणारा तुकडा म्हणजे या झाडापासून त्या खांबापर्यंत. मोठी रेस सहा लॅपची असते, एक रायडर तुम्हाला सहा वेळा दिसणार, दर वेळी फार तर दोन सेकंद. करा हिशोब. एवढ्यासाठी लोक जगभरातून येतात, वर्षभर आधी बोटीचं तिकीट काढतात.

बोटीचं तिकीट हा एक स्वतंत्र विषय आहे, पण थोडक्यात सांगतो. मी कामानिमित्त इंग्लंडमध्ये राहतो, त्यामुळे माझी इंटरसेप्टर ६५० घेऊनच जायचं हे नक्की होतं, विमानाने जाऊन बसने फिरायचं असेल तर मग घरी टीव्ही काय वाईट. हेशमहून डग्लसला जाणारी बोट पकडली. बंदरावरच्या रांगेत शेकडो बाईक, जर्मन, डच, आयरिश, स्पॅनिश नंबरप्लेटी, त्यात माझी रॉयल एनफिल्ड बघून दोन म्हातारे ब्रिटिश गृहस्थ जवळ आले आणि त्यांच्या वडिलांकडे कुठलं एनफिल्ड होतं ते सांगत बसले, मला फक्त माना डोलवायच्या होत्या. बोटीच्या पोटात बाईक लावायची पद्धत बघण्यासारखी आहे. ओल्या लोखंडी जमिनीवर बाईक एकीला एक चिकटून उभ्या करायच्या, गिअरमध्ये टाकायच्या, मग कामगार येतो, सीटवर गादीसारखं काहीतरी टाकतो आणि वरून दोर टाकून एका झटक्यात असा आवळतो की सस्पेन्शन अर्धं खाली बसतं. आपण घरी ज्या टाकीवर बोटाचा ठसा दिसला तरी पुसतो, तिच्याकडे बघायची ही वेळ नाही. मी जिन्याने वर गेलो आणि चहा घेतला.

हे बेट युनायटेड किंग्डममध्ये मोडत नाही, राजा तोच पण कारभार वेगळा. टिनवाल्ड नावाची स्वतःची संसद, स्वतःचे कायदे, स्वतःच्या नोटा, १ पौंडाची नोटसुद्धा अजून चालते (परत येण्याआधी खर्च करून टाका, इंग्लंडातले दुकानदार तिच्याकडे संशयाने बघतात). बेटाचं चिन्ह म्हणजे गुडघ्यात वाकलेले तीन पाय, आणि त्याखालचं लॅटिन वाक्य सांगतं की कसंही फेका, ते उभंच राहील. बाईकवाल्यांच्या गर्दीत हे चिन्ह टी-शर्टवर बघायला मजा येते.

आणि या वेगळ्या कायद्यांमुळेच टीटी आहे. १९०३ च्या ब्रिटिश कायद्याने गाड्यांना ताशी २० मैलांची मर्यादा होती आणि रेससाठी सार्वजनिक रस्ता बंद करायला तिकडे मुभा नव्हती. टिनवाल्डने १९०४ मध्ये स्वतःचा कायदा करून रस्ते बंद करायची परवानगी दिली, आधी मोटारी आल्या, १९०७ मध्ये बाईकची पहिली टीटी झाली. सेंट जॉन्सच्या छोट्या रस्त्यावर, चार्ली कॉलियर मॅचलेसवर जिंकला, सरासरी वेग ताशी ३८ मैल. त्या पहिल्या रेसला पेट्रोलचं बंधन होतं, एका गॅलनमध्ये अमुक मैल जायलाच पाहिजे. म्हणजे "मायलेज किती देते?" हा आपला लाडका प्रश्न टीटीच्या पहिल्या वर्षी नियमातच होता, हे मला भयंकर आवडलं. डोंगरावरून जाणारा आत्ताचा मोठा मार्ग १९११ पासून, त्या वर्षीच्या सीनियरमध्ये, म्हणजे मुख्य रेसमध्ये, पहिले तिन्ही नंबर इंडियनचे, ती अमेरिकन कंपनी इंडियन, उगाच छाती फुगवू नका.

तर, पहिली संध्याकाळ. प्रॅक्टिसची. मी सकाळीच तो रस्ता फिरून आलो होतो आणि तेव्हा एका बसच्या मागे ताशी तीस मैलांनी रांगत होतो, कारण रेस नसते तेव्हा तो चक्क रस्ता असतो. झेब्रा क्रॉसिंग आहे, टपालपेटी आहे, गटाराची झाकणं आहेत, सिग्नल आहे, शाळेतून पोरं घरी चालली आहेत. ब्रे हिल ही डग्लसमधली एक उताराची रहिवासी गल्ली, दोन्ही बाजूंना घरं, घरांना बुटक्या भिंती, भिंतींच्या आत गुलाब. फक्त खांबांना गाद्या बांधलेल्या आणि कोपऱ्यांवर पोती-बिती रचलेली, तेवढ्यावरून कळतं की इथे काहीतरी होणार आहे. संध्याकाळी सहाच्या सुमाराला नारिंगी जाकीटवाले मार्शल उभे राहिले, बाजूच्या गल्ल्यांवर आडवे दोर लागले, रस्ता बंद झाल्याची पाटी लावलेली गाडी गेली, आणि मग तो रस्ता ओलांडणं हा गुन्हा. समोरच्या फुटपाथवर तुमची बायको राहिली तर ती आता रात्री भेटेल. एका माणसाचा कुत्रा या बाजूला आणि पट्टा घेतलेली मुलगी त्या बाजूला असं झालेलं मी बघितलं, मार्शलने शेवटच्या क्षणी मिटवलं.

मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. इतकी शांतता की पक्षी ऐकू येतात, आणि शहरातल्या गल्लीत संध्याकाळी पक्षी ऐकू येणं हेच विचित्र वाटतं.

आधी आवाज आला, वरून, घरांच्या मागून, कुठून येतोय ते कळेना. आवाज वाढत गेला आणि मी कॅमेरा धरून उताराच्या टोकाकडे बघत होतो, आणि तो आला, आणि गेला. मी मान वळवेपर्यंत गेला. ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर असतात तिथे. उताराच्या तळाशी जिथे रस्ता एकदम सपाट होतो तिथे बाईक अख्खी दबते, पुढचा फोर्क पूर्ण खाली, बाईकचं पोट डांबराला घासल्याचा खर्र आवाज येतो, आणि रायडर तिथून लगेच वर उचलला जातो. हे सगळं मी पहिल्या रायडरचं बघितलं नाही, पाचव्या-सहाव्याचं बघितलं, तोपर्यंत फक्त तोंडातून आपोआप शिव्या बाहेर पडत होत्या. एक गोष्ट व्हिडिओत कधीच येत नाही ती म्हणजे हवा. बाईक गेल्यावर अर्ध्या क्षणाने हवेचा एक धक्का येतो, भिंतीवरची पानं हलतात, तुमचा शर्ट हलतो, आणि त्यानंतर जळलेल्या तेला-रबराचा वास. कॅमेऱ्यात नंतर बघितलं तर बारा फोटोंत रिकामा रस्ता आणि एका फोटोत मागचं चाक. तेव्हापासून कॅमेरा बॅगेत.

मी हसत होतो. का ते माहीत नाही. आजूबाजूचे पहिल्यांदा आलेले सगळे तसेच हसत होते, आणि नेहमीचे लोक आम्हाला बघून.

ऐकायचं कसं ते मला बॅलॉ ब्रिजला कळलं. बॅलॉ म्हणजे एक छोटं गाव, त्यात छोटा कमानी पूल, पूल इतका उंचवट्याचा की बाईक हवेत उडते, जगातल्या सगळ्या टीटी पोस्टरांपैकी निम्मी इथली असतील. रेसच्या दिवशी सकाळीच जाऊन जागा धरावी लागते, कारण एकदा रस्ता बंद झाला की तुम्ही जिथे आहात तिथेच. मार्गाच्या आत अडकायचं की बाहेर हे आधी ठरवायचं, जेवण बरोबर घ्यायचं, आणि मुतारी कुठे आहे ते सर्वात आधी बघून ठेवायचं. गावोगावच्या चर्चमध्ये आणि शाळांमध्ये तिथल्या बायका चहा, केक, सँडविच विकतात, कमाई चर्चच्या छपराला नाहीतर शाळेला. केक उत्तम. चहा इंग्लंडासारखाच, म्हणजे चहा नव्हेच, पण ते असो.

माझ्या शेजारी घडीच्या खुर्चीवर एक सत्तरीच्या पुढचे गृहस्थ होते. मांडीवर वही, गळ्यात स्टॉपवॉच, कानाला छोटा रेडिओ, त्यावर बेटाच्या मँक्स रेडिओची कॉमेंटरी लावलेली. मी दोन-तीनदा "कोण पुढे आहे?" विचारल्यावर त्यांनी न रागावता हिशोब समजावला. समजा नंबर ६ आणि नंबर १०. दोघांच्या सुटण्यात ४० सेकंदांचं अंतर. आता या पुलावर ६ गेला की घड्याळ चालू करायचं, १० आला की बंद करायचं. ४० आलं तर दोघं बरोबरीत. ३५ आलं तर १० नंबरवाला रस्त्यावर मागे दिसतोय पण पाच सेकंदांनी पुढे आहे. बस, एवढंच. पण हे एकदा डोक्यात बसल्यावर रेस एकदम उलगडली. आधी मी बाईक बघत होतो, आता मी दोन बाईकमधली रिकामी जागा मोजत होतो. सहा गेला की श्वास रोखून शांतता ऐकायची, दहाचा आवाज गावाच्या त्या टोकाला कधी येतो त्याकडे कान, आला की आजोबांचं बोट बटणावर आणि माझं मोबाइलवर. "पस्तीस पॉइंट दोन." "मला पस्तीस पॉइंट चार." "तुमचा अंगठा हळू आहे." दुसऱ्या लॅपला पाच सेकंदांचं अंतर साडेतीनवर आलं तेव्हा आम्ही दोघं असे खुश झालो की जणू काही ते आम्हीच कमी केलं.

आवाजावरून रायडरही ओळखू येतात म्हणे, त्यांना येत होते. मला फक्त एवढं कळायला लागलं की कोण उशिरा ब्रेक मारतो. पुलाच्या आधी गिअर खाली टाकतानाचे चार-पाच फटाके, काहींचे लांबून सुरू होतात, काहींचे अगदी अंगावर आल्यावर. मग एक क्षण आवाज मोकळा होतो, कारण चाक हवेत आहे, इंजिनला ओढायला काही नाही, आणि मागचं चाक टेकल्यावर चेन एकदम ताणल्याचा खट्ट. डोळे मिटून बसलात तरी पूल दिसतो.

साइडकारचं मात्र डोळे उघडे ठेवूनच बघा. तीन चाकं, दोन माणसं, चालवणारा गुडघ्यांवर ओणवा आणि दुसरा गडी मागच्या फळीवर इकडून तिकडे सरपटतोय, डावं वळण आलं की एका बाजूला लटकून डोकं रस्त्यापासून वीतभर, उजवं आलं की मागच्या चाकावर पसरलेला. आणि हे ताशी १२० मैलांच्या सरासरीने. तो आकडा पहिल्यांदा ओलांडला २०२३ मध्ये बेन आणि टॉम बर्चॉल या इंग्लिश भावांनी. भावाच्या हातात हँडल आणि आपण मागे फळीवर, मी माझ्या भावाबरोबर स्कूटरवर बसताना विचार करतो.

दोन चाकांचा विक्रमही त्याच वर्षीचा, पीटर हिकमनचा, ताशी १३६.३५८ मैल, म्हणजे २१९ किलोमीटरच्या वर सरासरी. सरासरी! गावातली वळणं, तो पूल, रॅम्झीचं हेअरपिन, सगळं धरून. तेही सुपरस्टॉकवर, म्हणजे जी बाईक साधारण शोरूममध्ये मिळते तिच्या जवळपासची. १९५७ मध्ये बॉब मॅकिंटायरने गिलेरावर पहिल्यांदा शंभर मैलांची सरासरी ओलांडली तेव्हा ती बातमी होती, आता शंभरने गेलात तर पात्र ठरणार नाही.

आता जे टाळून पुढे जाता येत नाही ते. या डोंगरमार्गावर वेगवेगळ्या शर्यती आणि प्रॅक्टिस धरून आजवर २६० हून जास्त स्पर्धकांचा जीव गेला. २०२२ च्या एका टीटीत सहा. रस्त्याने फिरताना भिंतींवर छोट्या पितळी पाट्या दिसतात, बाकांवर नावं दिसतात, आधी वाटतं कुणा दानशूराची असतील, मग तारीख वाचतो आणि महिना बघून कळतं. १९७२ मध्ये इटालियन जिल्बेर्तो पार्लोत्ती पावसात गेला, त्याचा मित्र जाकोमो अगोस्तिनी, दहा टीटी जिंकलेला माणूस, पुन्हा इथे रेसला आला नाही, इतरही मोठे रायडर हटले, आणि १९७६ नंतर टीटीचा जागतिक अजिंक्यपदातला दर्जा गेला. तेव्हा अनेकांना वाटलं आता हे संपलं. नाही संपलं, उलट आता इथे येणाऱ्या रायडरला कुणी गुणांसाठी यायला लावत नाही, येतो तो यायचंच म्हणून येतो. हा मुद्दा टीटीवाले नेहमी पुढे करतात आणि तो खोटा नाही. पण एवढ्याने माझं समाधान होत नाही.

एका संध्याकाळी प्रॅक्टिस चालू असताना लाल झेंडा लागला. झालं असं की ठरावीक अंतराने येणारे आवाज यायचे थांबले, आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. आमच्या समोरचा मार्शल, जो तोवर काखेत झेंडे धरून सँडविच खात होता, त्याने सँडविच भिंतीवर ठेवलं आणि रस्त्याच्या मध्यभागी जाऊन उभा राहिला. रेडिओवर निवेदक हवामान सांगायला लागला, कुठे काय झालं त्याबद्दल अवाक्षर नाही, तो नियमच आहे, घरच्यांना आधी कळलं पाहिजे. डोंगराच्या दिशेने हेलिकॉप्टर गेलं. एक बाई म्हणाल्या, लवकर उडालं परत तर बरं. आम्ही सगळे त्या दिशेला कान लावून बसलो, त्याच कानांनी ज्यांनी पाच मिनिटांपूर्वी मजेत गिअर मोजत होतो. उडालं, लवकरच. पाय मोडला होता असं रात्री कळलं, आणि आख्ख्या पबात लोक "फक्त पाय" असं म्हणत एकमेकांना ग्लास भिडवत होते.

त्या "फक्त पाय"वर मी बराच विचार केला. बरोबर आलेल्या मित्राचं मत स्पष्ट होतं, "अरे, आपण तिकीट काढून हेच बघायला येतो, कबूल कर ना." मला नाही पटत. कुणीच अपघात बघायला आलेलं नव्हतं, उलट लाल झेंड्यानंतर ज्या वेगाने त्या कुंपणावरचे चेहरे उतरले तेवढा मी कुठल्या स्टेडियममध्ये बघितला नाही. पण अपघात होऊ शकतो हे काढून घेतलं तर आम्ही एवढे कान देऊन ऐकत बसलो असतो का? नसतो. हे दोन्ही एकदम खरं आहे आणि मला ते जुळवता येत नाही. पुढच्या वर्षी जायचं का असं विचारलं तर जाईन. मित्र येणार नाही म्हणतो, आणि मी त्याला आग्रह करणार नाही.

डोंगरावरची एक सकाळ धुक्यात गेली. मँक्स लोक, म्हणजे इथलेच, म्हणतात मॅननन नावाचा समुद्रदेव बेटावर आपली शाल पांघरतो, शत्रूपासून लपवायला, आणि ती शाल बहुतेक वेळा नेमकी रेसच्या दिवशी स्नेफेल डोंगरावर येते. धुक्यात हेलिकॉप्टर उडू शकत नाही, हेलिकॉप्टर नाही तर रेस नाही. मी लॅक्सीहून जुन्या विजेच्या ट्रामने बंगलोला गेलो होतो (१८९५ पासून चालू आहे ती, लाकडी बाकं, खिडकीतून काहीही दिसलं नाही), आणि तिथे धुक्यात उभा असलेला जोई डनलॉपचा पुतळा. बाईकवर बसलेला, जिंकलेल्या माणसासारखा नाहीच, बसस्टॉपवर कुणाची तरी वाट बघत थांबल्यासारखा. २६ टीटी जिंकला हा माणूस, उत्तर आयर्लंडात पब चालवायचा, व्हॅनमध्ये सामान भरून एकटाच रोमानियातल्या अनाथाश्रमांना पोचवायला जायचा. २००० साली ४८ व्या वर्षी एका आठवड्यात तीन रेस जिंकला आणि महिन्याभरात एस्टोनियात टॅलिनच्या रेसमध्ये अपघातात गेला. त्याचा विक्रम पुढे पुतण्यानेच, मायकल डनलॉपने, २०२४ मध्ये मोडला. पुतळ्याच्या पायाशी लोकांनी ग्लोव्हज, टोप्या, एक भिजलेलं सिगारेटचं पाकीट ठेवलं होतं. दुपारी उशिरा घोषणा झाली, आज रेस नाही. कुणीही चिडलं नाही. थर्मास निघाले.

आणि मधला रविवार, मॅड संडे. पूर्वी त्या दिवशी रेस नसायची. डोंगराचा रस्ता टीटीच्या दिवसांत रॅम्झीकडून डग्लसकडे असा एकेरी केलेला असतो आणि सगळी जनता तिथून आपापली बाईक हाणते. बेटावर सरसकट अशी वेगमर्यादा नाही, गावांत आहे आणि तिथे पोलिस कडक, पण डोंगरावर मोकळ्या भागात पाटी नाही. माझं इंजिन काही फार पळणारं नाही आणि ते बरंच झालं, मी डाव्या बाजूने गपगुमान गेलो आणि उजवीकडून ज्या प्रकारची माणसं ज्या प्रकारे गेली ते बघून रेसपेक्षा जास्त घाम फुटला. रेसवाले रायडर तो रस्ता वर्षानुवर्षं शिकतात. हे आदल्या रात्री पबात शिकलेले.

पण गूसनेकचं वळण घेऊन वर आलात की एका बाजूला अख्खं उत्तरेचं मैदान आणि समुद्र, पुढे माउंटन माइलचा लांबलचक चढ, आडवा वारा बाईकला ढकलतोय, आणि तेव्हा कळतं की व्हिडिओत सपाट दिसणारा हा रस्ता किती वाकडा, किती उतरता आहे. व्हेरांडाची चार उजवी वळणं मी एक-एक मोजून, ब्रेक धरून घेतली, ती रेसवाले एकच वळण असल्यासारखी घेतात. केट्स कॉटेजच्या कोपऱ्यावरून खाली क्रेग-नी-बाचा पब दिसतो, सरळ उतार, तळाशी काटकोनात उजवं वळण. मी तिथे साठ मैलांवर होतो आणि माझ्या दृष्टीने ते भरपूर होतं.

डग्लसहून कॅसलटाउनला जाताना फेअरी ब्रिज लागतो, रेसच्या मार्गावर नाही पण रायडर मुद्दाम जाऊन येतात. पुलावरून जाताना तिथल्या पऱ्यांना नमस्कार करायचा, नाही केला तर खैर नाही. झाडांना चिठ्ठ्या बांधलेल्या, रायडरांसाठी नवस, त्यातल्या काही लहान पोरांच्या अक्षरात. घाटाच्या तोंडाशी गाडी हळू करून देवळाकडे बघत छातीला हात लावणारा आमचा एसटीचा ड्रायव्हर मला तिथे आठवला, तीच घाई, तोच अर्धा सेकंदाचा हात. मीही हेल्मेटच्या आत हॅलो म्हणलं. मराठीत की इंग्रजीत म्हणायचं याचा थोडा गोंधळ झाला, दोन्हीत म्हणून टाकलं.

कुणी जाणार असाल तर सांगतो, बोटीचं आणि राहण्याचं आधी बघा, बाकी सगळं नंतर. बेटावरची कितीतरी घरं टीटीच्या दिवसांत खोल्या भाड्याने देतात, तंबूपेक्षा ते बरं, कारण पाऊस येतोच. रेसच्या आठवड्यापेक्षा प्रॅक्टिसचा आठवडा मला जास्त आवडला, गर्दी कमी, संध्याकाळी उतरत्या उन्हात रायडर येतात, आणि ग्रीबाच्या बाजूला तेच ऊन त्यांच्या डोळ्यांत जातं हे रेडिओवर ऐकून आपण पोटात गोळा घेऊन बसतो. एका जागी पूर्ण रेस बघा, पळापळ करू नका. आणि रेडिओ सेलवर चालणारा छोटा घ्या, मोबाइलच्या भरवशावर राहू नका, ऑनलाइन कॉमेंटरी मागे पडते, त्यात जो रायडर अजून गावात शिरलेला नसतो तो तुमच्यासमोरून केव्हाच निघून गेलेला असतो.